मोजता न येणाऱ्याची मोजदाद

इंग्रजीच्या व्याकरणात तांदूळ मोजता येत नाहीत आणि मसूर मोजता येतात. 'राइस' हे नाम अगणनीय मानले जाते. त्याच्याआधी 'वन' किंवा 'टू' लागत नाही आणि रोजच्या वापरात त्याचे अनेकवचनही होत नाही. 'लेन्टिल्स' मात्र कायम अनेकवचनात वावरतात आणि त्यांतला एकच दाणा उचलला तर त्याला 'अ लेन्टिल' म्हणता येते. सुपात तांदूळ घेऊन खडे वेचणारी आई किंवा आजी जिने पाहिली आहे, ती मुलगी हे ऐकून साहजिकच विचारते, की मसुराचा दाणा तांदळाच्या दाण्याहून मोठा तो असा किती? प्रश्न अगदी रास्त आहे आणि पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर सहसा नसते. तिथे एक चौकट असते. त्या चौकटीत पाणी, दूध, वाळू, माहिती, सल्ला, फर्निचर, सामान, बातमी, केस, पैसा या अर्थांचे इंग्रजी शब्द एकाखाली एक मांडलेले असतात आणि ते सगळे पाठ करावेत अशी अपेक्षा असते.

मराठी माध्यमात शिकलेल्या मुलामुलींना आणि नोकरीसाठी इंग्रजी सुधारू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवणे हे माझे काम आहे. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. त्याआधीच्या पिढ्यांची इंग्रजीशी भेट पाचवीत होत असे. दोन्ही पिढ्यांची माणसे माझ्यासमोर येतात आणि दोघांनाही ती चौकट सारखीच नडते, कारण पाठांतर परीक्षेपुरते टिकते आणि बोलताना जीभ मराठीच्या वळणाने जाते. मला मनापासून असे वाटते, की कोणती नामे मोजता येत नाहीत या यादीपेक्षा, ती मोजायची वेळ आली की इंग्रजी काय करते, हे आधी शिकवायला हवे. मोजता न येणाऱ्याची मोजदाद करण्याची इंग्रजीची एक ठरलेली रीत आहे. मराठीचीही आहे, आणि ती इंग्रजीहून निराळी आहे. या दोन रिती शेजारी ठेवल्या की बहुतेक अडचणींचे मूळ हाताला लागते.

आधी धान्याचाच हिशेब पुरा करू. दाण्याच्या आकारावरून व्याकरण ठरत असते तर इंग्रजीत 'व्हीट' आणि 'ओट्स' एकाच रांगेत बसायला हवे होते. प्रत्यक्षात गहू अगणनीय आणि ओट अनेकवचनी आहे. मात्र यावरून इंग्रजीला बेशिस्त ठरवण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात डोकवावे. आपण गहू निवडले, तांदूळ धुतले, पोहे भिजवले असे म्हणतो. पण ज्वारी पाखडली, बाजरी दळली, साबुदाणा भिजवला असेही म्हणतो. चुरमुरे आणि लाह्या अनेकवचनी, तर शेव एकवचनी. साबुदाण्याचा दाणा पोह्याहून कमी सुटा असतो असे काही नाही, तरीही मराठीने एकाला 'तो' म्हटले आणि दुसऱ्याला 'ते'. आपल्याला ही निवड जाणवतही नाही, कारण ती आपण पाठ केलेली नाही, ती कानावर पडत आली आहे. इंग्रज मुलालाही 'व्हीट' आणि 'ओट्स' यांतला भेद असाच जाणवत नाही.

शब्द या सीमेच्या एका बाजूला कायम राहतात असेही नाही. वाटाण्याला जुन्या इंग्रजीत 'पीझ' म्हणत आणि तो शब्द एकवचनी होता; पुढे पदार्थ या नात्यानेही तो तसाच चालला. त्याच्या शेवटचा 'झ' कानाला अनेकवचनाच्या प्रत्ययासारखा लागत असल्यामुळे लोकांनी तो प्रत्ययच आहे असे धरले आणि सतराव्या शतकाच्या सुमारास 'पी' हे नवे एकवचन तयार झाले. तेव्हापासून इंग्रजीत वाटाणे मोजता येतात. वाटाणे शिजवून घोटलेल्या पदार्थाच्या 'पीझ पुडिंग' या नावात मात्र जुना शब्द अजून टिकून आहे. 'न्यूज'चा प्रवास उलट्या दिशेने झाला: रूप अनेकवचनी राहिले, एके काळी क्रियापदही अनेकवचनी लागत असे, पण आज तो शब्द एकवचनी आणि अगणनीय आहे. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात अशा शब्दांसाठी 'मास-वर्ड' ही संज्ञा वापरली. मला ती 'अगणनीय' या नकारात्मक नावापेक्षा बरी वाटते, कारण 'अगणनीय' म्हटले की फक्त काय करता येत नाही तेवढेच कळते, तर 'मास' म्हटले की भाषा त्या वस्तूकडे एक सलग साठा म्हणून पाहते आहे हे कळते. तांदूळ इंग्रजीत साठा आहे आणि मसूर म्हणजे दाण्यांचा समूह आहे. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर ते असे: फरक दाण्यात नाही, इंग्रजीने दाण्याकडे पाहायचे की राशीकडे, या निवडीत आहे.

या निवडीचा पहिला फटका आपल्याला 'किती' या शब्दापाशी बसतो. मराठीत 'किती साखर' आणि 'किती पोहे' यांसाठी एकच 'किती' पुरतो, 'थोडी साखर' आणि 'थोडे पोहे' यांत फक्त लिंगवचन बदलते. इंग्रजीत प्रश्न विचारण्याआधीच ठरवावे लागते, की पुढे साठा येणार आहे की सुट्या वस्तू येणार आहेत. साठ्याला 'हाउ मच', वस्तूंना 'हाउ मेनी'. 'पैसे' हा शब्द इथे फार चकवतो, कारण मराठीत पैसे अनेकवचनी असतात आणि ते मोजले जातात, तर 'मनी' हा साठा आहे. मोजले जातात ते रुपये आणि नाणी. 'कमी' या अर्थी साठ्याला 'लेस' म्हणावे आणि वस्तूंना 'फ्यूअर', हा वाद त्यामानाने इंग्रजांचा घरचा आहे. इंग्रजीच्या वापरावर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये संख्येसाठी 'फ्यूअर' अधिक शोभते असे आपले मत नोंदवले. पुढच्या व्याकरणकारांनी त्या मताचा नियम केला, आणि तो नियम इतका हाडीमासी खिळला की २००८ मध्ये टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने थोड्या वस्तू घेणाऱ्यांच्या रांगेवरची 'टेन आयटम्स ऑर लेस' ही पाटी बदलून 'अप टु टेन आयटम्स' अशी केली. शिकणाऱ्याने लेखी इंग्रजीत हा भेद पाळावा, पण जन्मापासून इंग्रजी बोलणारेही बोलताना तो सर्रास मोडतात हेही त्याने जाणून असावे.

आता मुख्य गोष्ट. 'दोन वाट्या साखर घातली' या वाक्याकडे नीट पाहावे. 'वाट्या' स्त्रीलिंगी अनेकवचन आहे, 'साखर' स्त्रीलिंगी एकवचन आहे, आणि क्रियापद 'घातली' असे आहे; म्हणजे ते साखरेच्या मागे गेले आहे, वाट्यांकडे त्याने पाहिलेले नाही. 'चार किलो गहू आणले' आणि 'चार किलो ज्वारी आणली' या वाक्यांत माप एकच असून क्रियापद धान्याप्रमाणे बदलते. मराठीत माप कितीही मोठे असले तरी वाक्याचा धनी पदार्थच राहतो. माप त्याच्यापुढे विशेषणासारखे उभे असते आणि दोघांच्या मध्ये कोणताही प्रत्यय येत नाही. इंग्रजीत याच्या नेमके उलटे होते. 'टू कप्स ऑफ शुगर' म्हटले की 'कप्स' हे मुख्य नाम होते, अनेकवचनाचा प्रत्यय त्याला लागतो, क्रियापद साधारणपणे त्याच्याप्रमाणे चालते, आणि साखर बिचारी 'ऑफ'च्या पलीकडे जाऊन बसते. साठा स्वतः मोजून घेत नाही म्हणून इंग्रजी मोजता येणारी वस्तू पुढे करते आणि तिलाच वाक्याचे यजमानपद देते. दोन लिटर किंवा दहा मैल असे एकसंध माप असेल तर इंग्रजीतही क्रियापद एकवचनी होते, पण ते अर्थाच्या जोरावर. रचना तीच राहते.

'वन कप टी', 'टू के.जी. शुगर', 'थ्री ग्लास वॉटर' ही आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी रूपे या फरकातून येतात. ती बोलणाऱ्याला 'ऑफ' ठाऊक नसतो असे नाही. मराठीत माप आणि पदार्थ यांना जोडायला काहीच लागत नाही, म्हणून इंग्रजीतही त्याला जोड द्यावीशी वाटत नाही. 'ऑफ विसरू नकोस' असे दहादा बजावण्यापेक्षा, 'इंग्रजीत आता यजमान बदलला आहे, मोजायची वस्तू कप आहे' असे एकदा समजावले की 'कप्स'चा 'स' आणि पुढचा 'ऑफ' असे दोन्ही एकदम जागेवर येतात, असा माझा अनुभव आहे.

पण मराठी प्रत्यय लावतच नाही असे मात्र नाही, आणि मराठीची खरी श्रीमंती इथे दिसते. साबण मोजायचा झाला की आपण 'दोन वड्या साबण' म्हणत नाही, 'साबणाच्या दोन वड्या' म्हणतो. तसेच मिठाचा खडा, गुळाची ढेप, लोण्याचा गोळा, मातीचे ढेकूळ, गवताची काडी, बर्फाची लादी, कागदाचा ताव, केसांची बट. या सगळ्यांत पदार्थाला षष्ठीचा प्रत्यय लागला आहे आणि क्रियापद आता वडीप्रमाणे चालते: साबणाच्या दोन वड्या आणल्या. म्हणजे निव्वळ माप असेल तर मराठी पदार्थाला धनी ठेवते, आणि पदार्थाने स्वतःचा असा आकार धारण केला असेल, तो तुकडा उचलून हातात धरता येत असेल, तर त्या तुकड्याला धनी करते. इंग्रजीचा एकटा 'ऑफ' किलोलाही चालतो, कपालाही चालतो आणि साबणाच्या वडीलाही चालतो. मराठीने त्या एका 'ऑफ'ची कामे वाटून दिली आहेत.

भांड्यांच्या बाबतीत तर मराठीत दोन्ही रचना होतात आणि त्यांचे अर्थ निराळे असतात. 'दोन तांबे पाणी ओतले' म्हटले की पाण्याचे परिमाण कळते. तांब्या एकच असून तो दोनदा भरलेला असू शकतो. 'पाण्याचे दोन तांबे ठेवले' म्हटले की पंक्तीत दोन तांबे प्रत्यक्ष उभे आहेत आणि त्यांत पाणी आहे. इंग्रजी 'टू पॉट्स ऑफ वॉटर'मध्ये हे दोन्ही अर्थ मिसळलेले असतात आणि संदर्भावरून ते वेगळे करावे लागतात. केवळ परिमाणच सांगायचे असेल तर इंग्रजी 'फुल' हा प्रत्यय जोडून 'कपफुल', 'स्पूनफुल', 'हँडफुल' असे शब्द करते, आणि तो आपल्या 'भर'चा जवळचा भाऊ आहे: वाटीभर, चमचाभर, मूठभर. आपला 'भर' मात्र भांड्यापाशी थांबत नाही. तो दिवसभर, गावभर आणि जन्मभर असा काळालाही आणि जागेलाही मापाचे भांडे करून टाकतो.

मापाचे भांडे केवढे, हा प्रश्न व्याकरणाबाहेरचा वाटतो, पण परदेशी गेलेल्या मराठी माणसाला तो स्वयंपाकघरातच गाठतो. अमेरिकी पाककृतीतला कप सुमारे २३७ मिलिलिटरचा असतो आणि ऑस्ट्रेलियातला २५०चा. 'टेबलस्पून' बहुतेक देशांत १५ मिलिलिटरचा असताना ऑस्ट्रेलियात तो २०चा धरतात. औषधाच्या बाटलीवरचा 'टीस्पून' ५ मिलिलिटरचा असतो, आणि 'एक चमचा' एवढेच मराठीत सांगून भागत नाही ते याच कारणाने. आपल्याकडेही चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी असा चोख हिशेब होता, तरी शेर गावोगाव बदलत असे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि पायली, अधोली, चिपटे, मापटे हे शब्द बाजारातून हळूहळू मागे सरले.

इंग्रजीतले तुकड्यांचे शब्द शिकवणे हा माझ्या कामातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. पाठ्यपुस्तके 'पीस' हा एक शब्द देतात आणि तो बहुतेक ठिकाणी चालतोही: 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस', 'अ पीस ऑफ इन्फर्मेशन', 'अ पीस ऑफ फर्निचर', 'अ पीस ऑफ न्यूज'. अडल्यावेळी तो उपयोगी पडतो याबद्दल वाद नाही. पण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या पिढ्यांनी ज्या वस्तू जवळून हाताळल्या, त्यांच्यासाठी त्यांनी नेमके शब्द घडवले, आणि त्या प्रत्येक शब्दात कोणीतरी काहीतरी नीट निरखलेले असते. गवताच्या पात्याला 'ब्लेड' म्हणतात. त्या शब्दाचा जुना अर्थ पानच आहे, आणि तलवारीचे किंवा चाकूचे पाते हे त्याचे पुढचे रूप. मराठीतही गवताचे आणि तलवारीचे पाते एकाच शब्दाने सांगितले जाते. पावाचा अख्खा नग 'लोफ' असतो आणि त्याचा कापलेला काप 'स्लाइस'. साबणाचा 'बार' किंवा 'केक', कागदाची 'शीट', तांदळाचा, मिठाचा आणि वाळूचा 'ग्रेन', कापसाची 'बेल', साखरेचा 'लम्प', मिठाची 'पिंच'. ही शेवटची आपली चिमूटच आहे. दोन्ही भाषांनी ते माप बोटांच्या एकाच हालचालीवरून घेतले.

आकाशातल्या गोष्टींकडे वळले की दोन्ही भाषांचे कान आणि डोळे कसे चालतात ते दिसते. 'लाइटनिंग' आणि 'थंडर' हे दोन्ही इंग्रजीत साठे आहेत. विजेचा एक प्रसंग सांगायचा तर 'अ फ्लॅश ऑफ लाइटनिंग' म्हणतात आणि मेघगर्जनेचा एक प्रसंग 'अ क्लॅप ऑफ थंडर', म्हणजे एक दिसलेला आणि एक ऐकलेला. मराठीला 'वीज' सरळ मोजता येते, दोन विजा चमकल्या असे आपण म्हणतो. गडगडाट मात्र आपणही सहसा मोजत नाही. पाऊस हा आपला साठा, पण त्याची सर येते, सरीवर सर येते, झड लागते, शिडकावा होतो. वाऱ्याची झुळूक येते आणि वाऱ्याचा झोतही येतो, आणि या दोन शब्दांत परिमाणाबरोबर त्याचा स्पर्शही सांगितलेला असतो. इंग्रजीत झुळकेसाठी 'ब्रेथ' आहे आणि झोतासाठी 'गस्ट' किंवा 'ब्लास्ट'. कोणी अनुवाद करताना 'अ गस्ट ऑफ विंड'चे 'वाऱ्याचा एक तुकडा' करणार नाही. मग उलट दिशेने जाताना सगळीकडे 'पीस' का ठोकायचा?

नकाराच्या वाक्यांत हे लहानात लहान तुकडे विशेष कामाला येतात. पुरावा मुळीच नाही असे सांगताना इंग्रजी 'नॉट अ श्रेड ऑफ एव्हिडन्स' म्हणते, म्हणजे कापडाच्या चिंधीएवढाही नाही; आरोपात तथ्य नसेल तर 'नॉट अ ग्रेन ऑफ ट्रूथ'. मराठीत तिळमात्र शंका नसते, काडीचाही संबंध नसतो, रतीभर फरक पडत नाही आणि माणूस तसूभरही मागे हटत नाही. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, आणि रती म्हणजे गुंज. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. सराफाच्या तराजूतून आणि कापडाच्या दुकानातून ही मापे गेली, पण नकाराच्या वाक्यांत ती अजून रोज वापरली जातात. मोजमाप भाषेत इतके खोल मुरते, की मूळ माप ज्याने कधी पाहिले नाही तोही ते चुकत नाही.

एवढे सगळे सांगूनही यादीतला एक गट उरतो आणि तोच खरा हट्टी आहे: 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'ज्वेलरी', 'मशिनरी', 'इन्फर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस'. खुर्ची मोजता येते, टेबल मोजता येते, आणि दोघांना मिळून फर्निचर म्हटले की मोजता येत नाही. इथे पाणी किंवा वाळू यांच्यासारखे विरघळून जाणारे काहीच नाही. डेव्हिड बार्नर आणि जेसी स्नेडेकर या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांना आणि लहान मुलांना दोन ढीग दाखवून 'कोणाकडे जास्त आहे?' असे विचारले. एका बाजूला संख्येने कमी पण आकाराने मोठ्या वस्तू होत्या आणि दुसऱ्या बाजूला आकाराने लहान पण संख्येने जास्त. टूथपेस्टच्या बाबतीत लोकांनी एकूण ऐवज पाहिला. बुटांच्या बाबतीत नग मोजले. आणि फर्निचरच्या बाबतीतही नगच मोजले. म्हणजे व्याकरण फर्निचरला पाण्याच्या रांगेत बसवत असले तरी बोलणाऱ्याच्या मनात खुर्च्या-टेबले सुटीच असतात. माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग सांगितला की त्यांना धीर येतो, कारण 'फर्निचर मोजता येते' ही त्यांची समजूत चुकलेली नव्हती. इंग्रजांचीही समजूत तीच आहे, फक्त त्यांचे व्याकरण तिला दाद देत नाही.

फ्रेंचमध्ये फर्निचरला 'मब्ल' हा गणनीय शब्द आहे, माहिती आणि सल्ला यांचीही अनेकवचने होतात, इटालियनमध्येही तसेच. मराठीत दागिने आणि भांडी मोजली जातात, 'चार बातम्या' आणि 'दोन सल्ले' बिनदिक्कत म्हणता येतात. 'सामान' आणि 'माहिती' मात्र आपणही मोजत नाही, आणि ते शब्द हाताशी असले की 'लगेज' आणि 'इन्फर्मेशन' समजावणे सोपे जाते. 'सामानाचे चार नग' हा एस.टी.च्या टपावर आणि रेल्वेच्या फलाटावर चालणारा शब्दप्रयोग म्हणजे 'फोर पीसेस ऑफ लगेज' याचे तंतोतंत मराठी रूप आहे. 'नग' या शब्दाला आपण 'पीस'चा दर्जा दिला आहे हे लक्षात आले की तो गट निम्मा सुटतो. भारतात, नायजेरियात आणि सिंगापुरात बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत 'फर्निचर्स', 'इक्विपमेंट्स', 'लगेजेस' अशी रूपे वारंवार आढळतात. एकमेकांपासून इतक्या दूरच्या माणसांना तीच रूपे सुचावीत यामागे तर्क आहे, अडाणीपणा नाही. तरीही अर्जात, अहवालात आणि परीक्षेत प्रमाण रूपच लिहावे असे मी ठामपणे सांगते, कारण तिथे वाचणारा माणूस तर्क तपासत नाही, रूप तपासतो.

साठा आणि नग यांच्यातली सीमा रोज ओलांडली जाते ती खाण्यापिण्याच्या ठिकाणी. लंडनच्या कॅफेत 'टू कॉफीज' मागितल्या तर कोणी व्याकरण काढत नाही, कारण कॉफी तिथे ठरावीक पेल्यातच मिळते आणि 'कप्स ऑफ' गाळले तरी नग कोणता ते सगळ्यांना ठाऊक असते. पुण्या-कोल्हापुरात गल्ल्याकडे पाहून वेटर 'दोन मिसळ, एक भजी, तीन चहा' असे ओरडतो. घरात जो 'मिसळी' म्हणेल तोही तिथे 'दोन मिसळ' म्हणतो, कारण मोजली जाते ती प्लेट. पावाची गोष्ट याहून निराळी. पोर्तुगीजांकडून आलेला 'पाव' आपल्याकडे सुटा नग म्हणून रुजला. मुंबईत त्याची लादी असते आणि लादीतून पाव मोडून मोजून देतात. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, पोई, उंडो आणि काकण अशी प्रत्येक नगाची वेगळी नावे घेऊन दारावर येतो. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाने 'वन ब्रेड' म्हणावे यात नवल नाही, कारण त्याच्या डोळ्यासमोर अख्खा पाव असतो. इंग्रजाच्या डोळ्यासमोर मात्र ब्रेड म्हणजे कापून खायचा ऐवज असतो. गंमत अशी की इंग्रजी पद्धतीचा ब्रेड घरात आला तेव्हा मराठीने त्याच्यासोबत 'स्लाइस' हा शब्दही घेतला आणि 'ब्रेडच्या दोन स्लाइस' अशी, साबणाच्या वडीसारखी, निर्दोष मराठी रचना केली.

अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांत संगणक क्षेत्रातले पुष्कळ असतात आणि त्यांच्या बोलण्यात 'सॉफ्टवेअर्स', 'फीडबॅक्स', 'ट्रेनिंग्ज', 'कोड्स' हे शब्द सतत येतात. त्यांना एक गोष्ट विशेष खटकते, आणि तिच्यात तथ्य आहे: 'मेल' अगणनीय असताना 'ईमेल्स' चालतात, मग 'सॉफ्टवेअर्स'नीच काय पाप केले? सुरुवातीला 'ईमेल मेसेजेस' असे लिहावे असा आग्रह काही जण धरत होते. पण प्रत्येक ईमेल सुटी येते, सुटी उघडते आणि सुटी पुसली जाते, म्हणून तो आग्रह टिकला नाही. सॉफ्टवेअर तसे नसते, ते एकात एक गुंतलेले असते, आणि म्हणूनच 'दोन सॉफ्टवेअर' असे मराठीत सहज म्हणणाऱ्या माणसाला मी आधी विचारते की तुम्हाला यात नेमके काय मोजायचे आहे. काही जण 'प्रोग्रॅम' म्हणतात, काही 'आवृत्त्या', आणि खरेदी विभागातली माणसे बहुतेक वेळा 'परवाने' म्हणतात. मग फळ्यावर 'फॉर्टी लायसन्सेस' असे लिहिले जाते, त्याच्यापुढे सॉफ्टवेअरचे नाव येते, आणि क्रियापद लायसन्सेसच्या मागे आपोआप अनेकवचनी होते.